यंग थगला गाण्यांनी अडकवलं का? मोक्काची कामं करणाऱ्या एका वकिलाचं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा विशी-बाविशीतला आहे, चिंचवडकडचा, स्वतः मराठीत रॅप लिहितो. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेतल्या अटलांटाच्या यंग थग या रॅपरला निव्वळ गाण्यांच्या ओळींवरून गँगस्टर ठरवलं आणि अडीच वर्षं आत ठेवलं, हे खरं का? शेवटी त्याने गुन्हा कबूल केला, म्हणजे सरकार बरोबरच होतं का? आणि तिसरा प्रश्न, जो मला वाटतं त्याचा खरा प्रश्न आहे: "माझ्या गाण्यांत, व्हिडिओत आमच्या वस्तीतली पोरं असतात. त्यातल्या दोघांवर केसेस आहेत. उद्या माझ्यावर असं काही होऊ शकतं का?"

मी पुण्यात बावीस वर्षं फौजदारी वकिली करतो. त्यात मोक्काची, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याची कामं बऱ्यापैकी. अमेरिकेत वकिली करायची सनद माझ्याकडे नाही, तेव्हा तिकडच्या कायद्याबद्दल जे सांगतोय ते वाचून आणि बघून. बघून म्हणजे अक्षरशः बघून. हा खटला यूट्यूबवर थेट दाखवत होते. त्यांचं कोर्ट सकाळी बसायचं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात-आठ वाजलेले असायचे. जेवणाच्या ताटावर मी ते लावून बसायचो. बायको म्हणायची, दिवसभर कोर्ट करून पोट भरत नाही का तुमचं. पण टोळीच्या कायद्यांखालचे खटले ज्याने चालवलेत, त्याच्यासाठी ती मेजवानीच होती.

तर आधी तुमच्या प्रश्नातलं गृहीतक बाजूला करू. "हे गाणं म्हटलंस म्हणून तू गुन्हेगार" असा आरोप तिथे कुणावरच नव्हता. आरोप असा होता की तू अमुक टोळीचा आहेस, ती टोळी गुन्हे करते आणि ते गुन्हे करायच्या कटात तू सामील आहेस. गाणी आली ती पहिलं वाक्य सिद्ध करायला: तू टोळीचा आहेस. अशा खटल्यात सगळी लढाई त्या पहिल्या वाक्यावर असते. ते एकदा ज्युरीच्या गळी उतरलं की पुढचं सरकारी वकिलाला सोपं जातं.

एक गंमत सांगतो. थग हा शब्द मूळचा आपल्याकडचा ठग. इंग्रजांनी इथून उचलला आणि तो फिरत फिरत अटलांटातल्या एका पोराचं टोपणनाव झाला. त्याच ठगांसाठी कंपनी सरकारने १८३६ साली एक कायदा केला होता. त्या कायद्यात तुम्ही कुणाचा गळा आवळला हे सिद्ध करायची गरजच ठेवली नव्हती. हा माणूस केव्हातरी ठगांच्या टोळीत होता, एवढं सिद्ध झालं की जन्मठेप आणि सक्तमजुरी. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यासाठी पुरावा कुठून आणला? टोळीतलेच लोक फोडून. त्यांना माफीचे साक्षीदार केलं, त्यांच्या तोंडून कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा चेला अशा वंशावळी लिहून घेतल्या. आज अमेरिकेत जे चाललंय ते मी बघतो तेव्हा मला ही वंशावळच आठवते. फक्त आता ती इन्स्टाग्रामवरून काढतात.

आता त्या केसचं. यंग थग म्हणजे जेफ्री लमार विल्यम्स. त्याचं स्वतःचं म्युझिक लेबल होतं, वायएसएल, पूर्ण नाव यंग स्टोनर लाइफ. सरकारी पक्षाचं म्हणणं, वायएसएल म्हणजे यंग स्लाइम लाइफ नावाची टोळी. ती २०१२ च्या शेवटाकडे अटलांटाच्या क्लीव्हलँड अॅव्हेन्यू भागात सुरू झाली, ब्लड्स या देशभर पसरलेल्या टोळीशी तिचं नातं आहे, आणि विल्यम्स तिच्या संस्थापकांपैकी एक आहे. ९ मे २०२२ ला फुल्टन काउंटीच्या (अटलांटा ज्या जिल्ह्यात येतं तो) ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, २८ जणांवर ५६ कलमांचं आरोपपत्र काढलं आणि त्याच दिवशी त्याला घरातून उचललं. त्याच्याच लेबलचा रॅपर गुना दोन दिवसांनी स्वतः हजर झाला.

त्या आरोपपत्रात काय नव्हतं! खून होते, सशस्त्र दरोडे होते, ड्रग्ज, बंदुका. २०१५ साली विरोधी गटाच्या एका माणसाचा खून झाला होता, त्यात वापरलेली गाडी विल्यम्सने भाड्याने घेतलेली होती असा आरोप होता. लक्षात घ्या, खुद्द खुनाचं कलम विल्यम्सवर नव्हतं, ते दुसऱ्यांवर होतं. आणि या सगळ्याच्या मधेमधे, त्याच यादीत, त्याच क्रमांकाच्या माळेत गाण्याच्या ओळी, व्हिडिओत हाताने केलेल्या खुणा, गळ्यातलं पदक, सोशल मीडियावरच्या पोस्ट. यांना ते 'उघड कृती' म्हणतात, म्हणजे कट पुढे नेण्यासाठी केलेलं काहीतरी. ती कृती स्वतः गुन्हा असायलाच हवी असं नाही. दरोड्यासाठी दोरी विकत घेणं हा काही गुन्हा नाही, पण कटातली कृती होऊ शकते. त्याच तर्काने, टोळीचं नाव गाण्यात गाजवणं ही टोळीचा दरारा वाढवणारी कृती, असं सरकारचं म्हणणं. हा तर्क वाचून तुम्ही हसाल, पण कायद्याच्या चौकटीत तो बसतो. अडचण तीच आहे.

ज्या कायद्याखाली हे झालं त्याला सगळे रिको म्हणतात. केंद्राचा रिको १९७० चा, माफियाविरुद्ध केलेला. तोपर्यंत अडचण अशी होती की गोळी झाडणारा सापडायचा, पण झाडायला सांगणारा घरी बसून जेवत असायचा. रिकोने ठरवलं की सुटे गुन्हे सुटे बघायचे नाहीत, माळ बघायची. यादीतले किमान दोन गुन्हे एकाच सूत्रात ओवलेले दाखवले की ती माळच एक वेगळा, मोठा गुन्हा. पुढे बऱ्याच राज्यांनी आपापले रिको केले. जॉर्जियाने १९८० साली केला आणि तो केंद्राच्या कायद्यापेक्षा ऐसपैस आहे. त्यात मोजायच्या गुन्ह्यांची यादी लांब, आणि त्यातल्या एका उपकलमाखाली तर 'संस्था' किंवा 'टोळी' वेगळी सिद्ध करायचीही गरज नसते. शिक्षा ५ ते २० वर्षं.

किती ऐसपैस, तर अटलांटाच्या शाळांमध्ये मुलांच्या परीक्षेची उत्तरं बदलून निकाल फुगवल्याचं प्रकरण झालं होतं. त्यात २०१३ साली ३५ शिक्षक-अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले आणि २०१५ साली त्यातल्या ११ जणांना याच कायद्याखाली दोषी धरलं. त्या खटल्यात सरकारी बाजूने उभ्या असलेल्या फॅनी विलिस पुढे फुल्टन काउंटीच्या मुख्य सरकारी वकील झाल्या. त्यांनीच यंग थगवर केस केली आणि २०२३ मध्ये त्याच कायद्याखाली डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरही. ट्रम्प यांची केस पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतली गेली. शिक्षक, रॅपर, माजी राष्ट्राध्यक्ष, तिघांना एकच जाळं. ज्या हत्याराने एवढी वेगवेगळी शिकार करता येते, ते हातात असलेला माणूस ते वापरणारच. आपल्याकडेही मोक्का दाऊद-राजनच्या काळात, १९९९ साली आला आणि आज चौकातल्या पोरांच्या टोळक्यांना लागतो. पेपरात बघा ना, 'अमुक टोळीवर मोक्का' ही बातमी आता आतल्या पानावर असते.

आता गाण्यांकडे येतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो, ओळख पटेल असं काही न सांगता. उपनगरातला एकोणीस वर्षांचा मुलगा. टोळीवर मोक्का लागला, त्यात याचं नाव शेवटून दुसरं. त्याच्यावर आधीची एकही केस नव्हती. टोळीशी संबंध दाखवायला पोलिसांनी काय जोडलं होतं? 'भाईच्या बड्डे'चा व्हिडिओ, ज्यात कोयत्याने केक कापतायत आणि हा मागे उभा राहून ओरडतोय. व्हॉट्सअॅपला ठेवलेलं 'आपल्या भावाचा नाद नाय' छापाचं स्टेटस. आणि तेरा रील, त्यातल्या चारमध्ये त्याने स्वतः रचलेली यमकं. दोषारोपपत्रात त्या यमकांचं पंचांसमक्ष केलेलं लिप्यंतर होतं. कोरड्या सरकारी अक्षरात, 'सदर इसम हा पुढीलप्रमाणे गाणे म्हणत असल्याचे दिसून येते' अशी सुरुवात करून. ठेका गेला, हावभाव गेले, पोरांचं खिदळणं गेलं. उरली फक्त धमकी. मी जामिनाच्या युक्तिवादात न्यायाधीशांना विनंती केली की साहेब, कागद वाचू नका, व्हिडिओ लावा. लावला. कोर्टात दोन कारकून हसले. त्या हसण्याने माझा निम्मा युक्तिवाद केला.

अटलांटात हेच दुसऱ्या मापात झालं. न्यायाधीश ग्लॅनव्हिल यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये गाण्यांचे १७ उतारे सशर्त आत येऊ दिले. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. न्यायाधीशांचा विचार असा की इथे कुणी गाण्यावर खटला भरलेला नाही, गाणं फक्त पुरावा म्हणून वापरलं जातंय. कायद्याचा मुद्दा म्हणून मला तो पूर्ण चुकीचा वाटत नाही, हे मी कबूल करतो. एखाद्याने खुनानंतर आठवड्याने गाणं काढलं आणि त्यात फक्त मारेकऱ्यालाच माहीत असेल असा तपशील आहे, तर ते गाणं आहे म्हणून कोर्टाने डोळे मिटायचे का? नाही. पण तसा तपशील फार क्वचित असतो. नेहमी असते ती बढाई: माझ्याकडे बंदूक आहे, माझी पोरं कुणाला घाबरत नाहीत. ही त्या कलेची भाषाच आहे. पोवाड्यात शत्रूच्या मुंडक्यांचे ढीग लागतात, त्यावरून शाहिराच्या घराची झडती कुणी घेत नाही.

आणि तिथे ज्युरी असते हे विसरू नका. आपल्याकडे न्यायाधीश एकटा ठरवतो. त्याने आयुष्यात हजारो आरोपी बघितलेले असतात, त्याचा थोडा फायदा होतो. ज्युरीत बारा साधी माणसं. त्यातल्या एखाद्या आजीबाईंनी आयुष्यात रॅप ऐकलेला नसतो आणि मोठ्या आवाजात सपाट सुरात त्यांना त्या ओळी वाचून दाखवल्या जातात. पुरावा म्हणून त्याची किंमत चार आणे, पण मनावर ठसा रुपयाचा. म्हणूनच कायदा म्हणतो की पुराव्याचं मोल आणि त्याने कलुषित होणारं मन, दोन्ही तराजूत घाला. हा तराजू प्रत्येक न्यायाधीश आपल्या हाताने धरतो, त्यामुळे राज्याराज्यात, कोर्टाकोर्टात उत्तर बदलतं.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्किनर प्रकरणात शिक्षा रद्द करण्याचा निर्णय कायम केला होता, कारण सरकारी पक्षाने पानंच्या पानं रॅप ज्युरीला वाचून दाखवले होते. त्यातलं बरंचसं गुन्ह्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं, आणि गुन्ह्यातल्या कुठल्याच तपशिलाशी त्याचा धागा जुळत नव्हता. कोर्टाचा निकष सोपा आहे आणि मला पटतो: ओळीचा आणि त्या विशिष्ट गुन्ह्याचा घट्ट, दाखवता येईल असा धागा हवा. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. तो २०२३ पासून लागू आहे आणि कलाकृती पुराव्यात घेण्याआधी न्यायाधीशाला ज्युरीच्या माघारी हा विचार करायला लावतो. जॉर्जियात तसा कायदा नव्हता.

कॅलिफोर्नियालाही अक्कल सहज आली नाही. सॅन डिएगोमध्ये टायनी डू नावाचा रॅपर होता. भागातल्या टोळीने केलेल्या गोळीबारांशी त्याचा थेट संबंध आहे असा आरोपसुद्धा नव्हता. आरोप असा की टोळीच्या गुन्ह्यांमुळे टोळीचा दबदबा वाढला, त्या दबदब्यामुळे याच्या अल्बमला भाव आला, म्हणजे गुन्ह्याचा फायदा याला झाला. एवढ्यावर २०१४ साली त्याने सात महिने तुरुंगात काढले. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी आरोप फेटाळले. तुम्ही विचारलं ना, 'निव्वळ गाण्यांवरून'? तर त्याचं खरं उदाहरण यंग थग नाही, हा आहे. यंग थगच्या केसमध्ये गाण्यांपलीकडेही बरंच होतं. ते टिकलं किती, हा वेगळा भाग.

आता दुसरा प्रश्न, कबुलीचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाहेरच्या माणसाला कबुलीचा अर्थ हमखास चुकीचा लागतो.

घटनाक्रम बघा. मे २०२२ ला अटक. जामीन मागितला, नाकारला. पुन्हा मागितला, नाकारला. ज्युरी निवडायला जानेवारी २०२३ मध्ये बसले आणि ते संपलं दहा महिन्यांनी. नुसती बारा माणसं आणि काही राखीव माणसं निवडायला दहा महिने! प्रत्यक्ष सुनावणी २७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, तेव्हा २८ पैकी सहाच जण समोर होते. बाकी काहींनी आधीच तडजोड केली होती, काहींच्या केसेस वेगळ्या काढल्या होत्या. डिसेंबरात त्या सहांपैकी एकाला तुरुंगातच भोसकलं, खटला थांबला. जून २०२४ मध्ये तर कहर झाला. बचावाचे वकील ब्रायन स्टील यांना कळलं की न्यायाधीश आणि सरकारी वकील एका साक्षीदाराला चेंबरमध्ये भेटलेत, बचाव पक्षाला न बोलावता. त्यांनी ते कोर्टात काढलं. न्यायाधीशांनी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? स्टील म्हणाले, सांगणार नाही. झालं, न्यायालयाचा अवमान, २० दिवस कैद, शनिवार-रविवारी भोगायची. स्टील यांनी काय मागितलं असेल? भोगायचीच असेल तर माझ्या अशिलाच्याच तुरुंगात ठेवा, म्हणजे केसची तयारी करता येईल. मी त्या रात्री उठून उभा राहिलो होतो हो. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली आणि पुढे ती रद्दही केली. जुलैमध्ये ग्लॅनव्हिल यांना त्या खटल्यावरून हटवलं आणि न्यायमूर्ती व्हिटेकर आल्या.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी एका साक्षीदाराला एक पोस्ट वाचायला दिली. त्यातला जो भाग ज्युरीला कळायला नको होता तो सरकारी पक्षाने काळा करायचा राहिला होता. साक्षीदाराने तो वाचला आणि त्यातून एक आरोपी आधी तुरुंगात होता असं सूचित झालं. बचाव पक्षाने खटला रद्द करायची मागणी केली. न्यायाधीश सरकारी वकिलांवर चांगल्याच चिडल्या. आता बघा, खटला रद्द झाला असता तर आरोपी सुटत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ज्युरी निवड. पुन्हा तुरुंग. त्याच आठवड्यात एकामागून एक कबुल्या आल्या आणि ३१ ऑक्टोबरला यंग थगनेही दिली.

त्याची कबुलीही सरसकट नाही. एक टोळीचं कलम, तीन ड्रग्जची आणि दोन शस्त्रांची, एवढ्यांवर 'दोषी'. दुसरं टोळीचं कलम आणि मुख्य रिको कट, यांवर 'प्रतिवाद करत नाही'. म्हणजे मी केलं असं म्हणत नाही, पण लढतही नाही. सरकारशी शिक्षेचं जमलं नव्हतं, सरकारला २५ वर्षं तुरुंग हवा होता. त्याने शिक्षा न्यायाधीशांवर सोडली. त्यांनी दिलं: भोगलेली कैद पुरे, १५ वर्षं देखरेखीखाली, अटी मोडल्या तर डोक्यावर आणखी २० वर्षं टांगलेली, आणि पहिली दहा वर्षं काही अपवाद सोडून अटलांटा परिसरात पाऊल टाकायचं नाही. त्या संध्याकाळी तो घरी गेला. ९०० च्या वर दिवसांनी.

आणि जे दोघे शेवटपर्यंत लढले, यॅक गॉटी आणि शॅनन स्टिलवेल, त्यांचा निकाल ३ डिसेंबर २०२४ ला लागला. खुनातून निर्दोष. रिको कटातून निर्दोष. स्टिलवेलला फक्त शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरलं. ज्या खुनाभोवती ही माळ ओवली होती, त्याचा मणीच निखळला.

मग सरकार बरोबर होतं का? कबुलीवरून म्हणाल तर हो, ज्युरीवरून म्हणाल तर नाही. माझं मत विचाराल तर ड्रग्ज आणि शस्त्रांपुरतं सरकारच्या हातात काहीतरी होतं. पण एका मोठ्या टोळीच्या कटाचं जे चित्र त्यांनी रंगवलं ते ज्युरीपुढे उभं राहिलं नाही. कबुलीने मला एवढंच कळतं की त्या दिवशी, त्या माणसाला, घरी जाण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता दिसला. मोक्कातल्या किती अशिलांनी मला विचारलंय, "वकीलसाहेब, कबूल केलं तर लवकर सुटेन का?" आपल्याकडे २००६ पासून शिक्षेच्या तडजोडीची सोय आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. म्हणून आपल्याकडे माणूस तारखांवर कुजतो, तिकडे तो सौदा करतो. दोन्हीकडे दाब तोच, जामीन नसण्याचा.

गुनाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्याने डिसेंबर २०२२ मध्येच आल्फर्ड पद्धतीची कबुली दिली. म्हणजे मी निर्दोष आहे असंच म्हणतो, पण खटला लढण्यापेक्षा हे माझ्या हिताचं आहे. असा प्रकार आपल्याकडे नाहीच. त्या वेळी कोर्टात त्याच्याकडून एक वाक्य मान्य करून घेतलं: वायएसएल हे लेबलही आहे आणि टोळीही आहे. सरकारला एवढंच हवं होतं. बाहेर लोकांनी त्याला गद्दार ठरवलं, आपण कुणाविरुद्ध साक्ष देणार नाही असं त्याने सांगूनसुद्धा.

खरोखर फुटलेला माणूस बघायचा असेल तर सिक्स-नाइन बघा. न्यूयॉर्कचा रॅपर टेकाशी सिक्स-नाइन, २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या रिकोखाली अटक. दोषी ठरला असता तर कायद्याने किमान ४७ वर्षं. त्याने जवळजवळ लगेच सहकार्य सुरू केलं, २०१९ मध्ये नऊ कलमं कबूल केली, आपल्याच टोळीतल्या दोघांविरुद्ध साक्ष दिली, आणि शिक्षा झाली दोन वर्षं. त्या केसमध्ये गाण्यांच्या अर्थावर काथ्याकूट करायची फारशी गरजच पडली नाही, कारण आतला माणूसच बोलत होता. माझा अनुभवही हाच आहे. आतला साक्षीदार पक्का असला की सरकारी पक्ष रील-बिल फारसं उगाळत नाही. यमकांचं लिप्यंतर जाडजूड दिसलं की मी ओळखतो, बाकी फाइल पातळ आहे.

आता तुमचा खरा प्रश्न.

'गाणी लिहिली म्हणून मोक्का' हे तसं सरळ होत नाही. मोक्कासाठी मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं लागतात, तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांची, आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली हवी. हा फरक महत्त्वाचा आहे. जॉर्जियात माळेतला मणी आधी कधी कोर्टात आलेला असायला लागत नाही. आपल्याकडे लागतो. शिवाय गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आणि खटल्याआधी अतिरिक्त महासंचालकांची मंजुरी, असे दोन दरवाजे आहेत.

पण हे वाचून निर्धास्त होऊ नका. ती आरोपपत्रं तुमच्यावरच असायला हवीत असं नाही, टोळीवर असली तरी चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. म्हणजे तुम्ही ज्यांना वस्तीतली पोरं म्हणता त्यांना उद्या पोलीस टोळी म्हणाले, तर हिशेब त्यांच्या केसेसचा धरला जाईल आणि तुम्ही त्या टोळीत आहात का एवढाच प्रश्न उरेल. मोक्कात 'मदत करणे' याच्या व्याख्येत टोळीला मदत करणाऱ्याशी संपर्क किंवा संबंध ठेवणंसुद्धा येतं. हे कलम एकदा इतकं ताणलं गेलं की तेलगी मुद्रांक घोटाळ्यात मुंबईचे माजी पोलीस आयुक्तच मोक्काखाली आत गेले. त्यांच्याच जामिनाच्या वेळी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती ओळख पुरत नाही, जाणीवपूर्वक गुन्हेगारी हेतू हवा. तो निकाल आजही मी दर दुसऱ्या जामीन अर्जात लावतो. नुसती ओळख एवढाच आधार असेल तर तो उपयोगी पडतो. पण जामीन मिळेपर्यंत मोक्कात वर्षंही जातात, तेही सांगून ठेवतो.

आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीचं कलम १११ आहे. व्याख्या बरीचशी मोक्कासारखी, दोन आरोपपत्रांची अटही आहे, पण ते मंजुरीचे दोन दरवाजे नाहीत. पोलीस ठाण्याच्या पातळीवर ते लागू शकतं. मला त्याची जास्त काळजी वाटते. (२०२३ मध्ये राजकीय गाण्यांवरून मराठी रॅपर्सवर गुन्हे दाखल झाले होते, ते तुम्हाला आठवत असेल. त्यात टोळीचा मुद्दा नव्हता, तो वेगळा विषय, इथे मिसळू नका.)

मग करायचं काय? लिहायचं थांबवू नका. वस्तीवर, भांडणावर, पोलिसांवर लिहा. 'मी' म्हणून लिहा, तो तुमच्या कलेचा हक्क आहे. मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना जे सांगतो तेच सांगतो. ज्याच्यावर केस चालू आहे त्याच्या केसमधली घटना, फिर्यादीचं नाव, ठिकाण, तारीख ओळीत आणू नका. ओळीचा आणि गुन्ह्याचा तो घट्ट धागा सरकारला शोधावा लागतो, तुम्ही आपल्या हाताने विणून देऊ नका. साक्षीदाराबद्दल तर अर्धं अक्षरही नको, ती धमकी होते आणि मग कला-बिला कुणी ऐकत नाही. व्हिडिओत खरा कोयता नको, 'प्रॉप' होता हे नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. पैशाचा व्यवहार स्वच्छ ठेवा. मोक्काला आर्थिक किंवा अन्य फायद्याचा हेतू लागतो, आणि व्हिडिओचा खर्च त्या दोघांपैकी कुणी रोखीने केला असेल तर पोलिसांना तोच धागा सर्वांत आवडेल.

आणि जुनं काही डिलीट करू नका. पोलिसांनी बोलावल्यानंतर तर मुळीच नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या थोरल्या भावाने घाबरून त्याच्या अकाउंटवरचे सगळे रील उडवले होते. पोलिसांनी ते परत मिळवलेच, वर पुरावा नष्ट केल्याचं कलम भावालाही लागलं. ज्या व्हिडिओवर कोर्टात कारकून हसले, तो आम्हाला पोलिसांच्याच हार्ड डिस्कवरून मागून घ्यावा लागला.

शेवटी सगळं त्या दोघांवरच्या केसेस कसल्या आहेत यावर ठरेल. हाणामारीची एकेक केस असेल तर तुम्ही उगाच झोप घालवताय. खंडणी, खुनाचा प्रयत्न असं काही असेल, त्यात दोघांची नावं एकत्र असतील आणि आरोपपत्रं दाखल झालेली असतील, तर गोष्ट वेगळी. ती कलमं आणि गुन्हा नोंद क्रमांक इथे सगळ्यांसमोर लिहू नका. जवळच्या फौजदारी वकिलाकडे एफआयआरची प्रत घेऊन जा आणि तुमचे दोन-तीन व्हिडिओही त्याला दाखवा, आवाज मोठा करून.